सागवनातील अळीचा प्रादुर्भाव उपग्रह प्रतिमांवरून कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

विदर्भातील सागवनांत काम करणारे वनशास्त्राचे विद्यार्थी, वनरक्षक आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतील तरुण यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो: अळीने खाल्लेले जंगल उपग्रहाच्या प्रतिमेत दिसते का, आणि दिसत असेल तर ते शोधायचे कसे? दिसते, पण त्याला एक अट आहे. उपग्रहाला अळी दिसत नाही, पानांची उणीव दिसते. आणि साग हा वर्षातले काही महिने आपणहून निष्पर्ण राहणारा वृक्ष आहे. म्हणून पाने कुठे नाहीत एवढे पाहून भागत नाही. ज्या पंधरवड्यात ती असायलाच हवी होती, त्या पंधरवड्यात ती कुठे नाहीत, हे शोधावे लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचलेल्या आहेत. त्यासाठी लागणारी साधने मोफत आहेत, आणि पहिल्या हंगामापुरते प्रोग्रामिंग आले नाही तरी अडत नाही.

१. प्रतिमा उघडण्यापूर्वी किडीचे वेळापत्रक समजून घ्या

सागाच्या पानांवर मोठ्या प्रमाणावर उठणाऱ्या किडी मुख्यतः दोन आहेत, आणि त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत. पहिली पाने फस्त करणारी अळी, शास्त्रीय नाव हायब्लिया प्युएरा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर सागाला कोवळी पालवी फुटते, त्या पालवीवर हिचे पतंग अंडी घालतात आणि दोन-तीन आठवड्यांत पिढी पूर्ण होते. ही अळी मधली जाड शीर आणि मोठ्या उपशिरा तेवढ्या ठेवून बाकी सगळे पान खाते. झाडे पाहता पाहता उघडी पडतात, पण मरत नाहीत. साधारण महिन्याभरात ती पुन्हा पालवतात.

दुसरी पानांची जाळी करणारी अळी, युटेक्टोना मॅकेरॅलिस. मध्य भारतातील सागवनांत हिचाच उपद्रव अधिक जाणवतो. ऑगस्टपासून हिची संख्या वाढू लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नुकसान उठून दिसते. ही शिरांमधला हिरवा भाग तेवढा खाते, त्यामुळे पानाची बारीक जाळी उरते आणि ती तपकिरी होऊन झाडावरच लटकत राहते. लांबून पाहणाऱ्याला डोंगर करपल्यासारखा दिसतो. एवढ्या उशिरा खाल्ल्या गेलेल्या झाडाला त्या हंगामात नवी पालवी सहसा येत नाही.

या दोन वेळापत्रकांतच आपली अर्धी पद्धत ठरते. पहिल्या किडीची खूण म्हणजे जून-जुलैमधील एक तीव्र घसरण आणि त्यानंतरची भरपाई. दुसरीची खूण म्हणजे नेहमीच्या पानगळीच्या कितीतरी आधी सुरू झालेली आणि पुढच्या जूनपर्यंत न भरून येणारी उतरण.

झाडे मरत नाहीत, मग एवढा खटाटोप कशासाठी, असे काहींना वाटते. केरळ वन संशोधन संस्थेने नीलांबूरच्या कोवळ्या सागरोपवनांत केलेल्या अभ्यासात, पाने फस्त करणाऱ्या अळीमुळे लाकडाच्या संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ बुडते, असे आढळले होते. विदर्भाची जमीन आणि पाऊस वेगळे असल्यामुळे तो आकडा येथे जसाच्या तसा लावू नये. पण झाड उभे आहे म्हणून नुकसान नाही, हा समज सोडून देण्यास तो पुरेसा आहे.

सालवृक्षाच्या खोडकिड्यासाठी हा लेख वापरू नका. १९९० च्या दशकात मध्य प्रदेशातील मंडला भागात ज्या किडीने सालवृक्ष मोठ्या संख्येने मारले, ती खोड पोखरते. तेथे मेलेल्या झाडाची खूण वर्षानुवर्षे प्रतिमेत राहते आणि तुलना पंधरवड्यांची न करता वर्षावर्षांची करावी लागते.

२. प्रतिमेत नेमके काय बदलते, हे ध्यानात घ्या

निरोगी पान तांबडा प्रकाश हरितद्रव्यामुळे शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश आतल्या पेशींच्या रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकते. लघुतरंग-अवरक्त प्रकाश पानातील पाण्यात शोषला जातो. जाळी झालेल्या पानात हरितद्रव्य, पेशी आणि पाणी या तिन्ही गोष्टी उरत नाहीत. म्हणून तांबडा आणि लघुतरंग-अवरक्त वाढतो, तर निकट-अवरक्त घटतो.

युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहमालेत (पहिला उपग्रह २०१५ मध्ये, दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला) हे सगळे बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, आहेत. तांबडा आणि निकट-अवरक्त १० मीटरवर मिळतो, तर लाल कडेचे (तांबडा आणि निकट-अवरक्त यांच्या मधले) आणि लघुतरंग-अवरक्त बँड २० मीटरवर. दोन उपग्रह मिळून एका जागेवरून दर ५ दिवसांनी जातात. १० मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर जमीन, म्हणजे १०० पिक्सेलांचे एक हेक्टर. एकटे खाल्लेले झाड यात ओळखू येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान डाग सुरुवातीला सोडूनच द्यावेत.

अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा पिक्सेल ३० मीटरचा आहे आणि एक उपग्रह १६ दिवसांनी परततो, त्यामुळे एका हंगामातली घटना पकडण्यास तो अपुरा पडतो. २०१५ पूर्वीचा इतिहास हवा असेल तर मात्र त्याच्याशिवाय गत्यंतर नाही.

३. हाताशी काय काय हवे

कागदपत्रे:
• वनकक्षांच्या सीमांचा नकाशा, शक्यतो संगणकीय स्वरूपात. वनविभागाच्या कार्यालयात रीतसर अर्ज करून तो मागावा. सामूहिक वनहक्क क्षेत्र असेल तर मान्यतापत्रासोबतचा नकाशा वापरावा.
• रोपवनांची यादी: कक्ष क्रमांक, लागवडीचे वर्ष, क्षेत्र.
• गेल्या काही वर्षांतील कूपतोड, विरळणी आणि वणव्यांच्या नोंदी.
• जंगलात जाण्यासाठी उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी. ड्रोन वापरायचा असल्यास त्याच्या परवानग्या वेगळ्या असतात.

साधने:
• कोपर्निकस ब्राउझर, म्हणजे युरोपीय प्रतिमा पाहण्याचे आणि उतरवून घेण्याचे संकेतस्थळ. खाते मोफत उघडता येते.
• क्यूजीआयएस हे मुक्त नकाशा-सॉफ्टवेअर.
• गूगल अर्थ इंजिन. अव्यावसायिक कामासाठी मोफत आहे, पण नोंदणीत कामाचा हेतू नीट लिहावा लागतो.
• जीपीएस असलेला मोबाइल आणि इंटरनेट नसताना चालणारे नकाशा-अॅप.

यातली वणवा आणि विरळणीची नोंद बहुतेक जण नंतर पाहू म्हणून टाळतात. ती नसली की नकाशावरच्या प्रत्येक डागासाठी जंगलात जावे लागते, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

४. क्षेत्र आखा आणि त्यातला साग वेगळा काढा

सुरुवात एका वनपरिक्षेत्राहून मोठी करू नये. एक परिमंडळ घेतले तरी शिकण्यासाठी पुरते. कक्षांच्या सीमा क्यूजीआयएसमध्ये उघडताना निर्देशांक-प्रणाली तपासा. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक-प्रणालीचा ४३ वा विभाग लागतो आणि पूर्वेला ४४ वा. म्हणजे मेळघाट ४३ मध्ये आहे, तर चंद्रपूर आणि गडचिरोली ४४ मध्ये. चुकीचा विभाग लावला तर सीमा शेकडो किलोमीटर सरकते आणि चूक लगेच कळते. धोका आहे तो जुन्या कागदी नकाशावरून उतरवलेल्या सीमांचा, कारण त्या शंभर-दोनशे मीटरने सरकलेल्या असल्या तरी दिसायला ठीक वाटतात. एखादा नाला, रस्त्याचा फाटा किंवा तलावाचा बांध धरून सीमा प्रतिमेवर बसते का, ते पाहून घ्यावे.

मिश्र जंगलात ऐन, धावडा, बांबू आणि साग यांची पानगळ एका वेळी होत नाही, म्हणून साग नसलेले भाग बाजूला काढणे आवश्यक आहे. रोपवनांची यादी हाताशी असेल तर पहिल्या वर्षी फक्त तीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एका वयाचे, एका जातीचे झाड असलेल्या जागी डागाचा अर्थ लावणे सोपे जाते, आणि हात बसल्यावर नैसर्गिक जंगलाकडे वळता येते.

५. तारखा निवडा, कारण खरी अडचण ढगांची आहे

सेंटिनेल ५ दिवसांनी येतो खरा, पण विदर्भात जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत त्याच्या बहुतेक प्रतिमा ढगांनी भरलेल्या असतात. पाने फस्त करणाऱ्या अळीचा काळ नेमका हाच आहे. काही वर्षी जून-जुलैची एकही स्वच्छ प्रतिमा मिळत नाही; तेव्हा ‘या वर्षी तपासता आले नाही’ असे लिहावे, ‘प्रादुर्भाव नाही’ असे लिहू नये. नकाशात या दोन गोष्टींना वेगळे रंग द्यावेत.

जाळी करणाऱ्या अळीच्या बाबतीत आपली बाजू बरी आहे. पाऊस ओसरताना आकाश मोकळे होते, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या काळात वापरण्याजोग्या प्रतिमा मिळतात. त्यानंतर मात्र थांबावे, कारण सागाची नैसर्गिक पानगळ सुरू झाली की कीड आणि ऋतू यांच्यात फरक करता येत नाही. नवशिक्याने पहिल्या वर्षी याच किडीवर आणि याच खिडकीत काम करावे.

ढग वगळताना प्रतिमेसोबत येणाऱ्या दृश्य-वर्गीकरणातील ३, ८, ९ आणि १० हे वर्ग काढून टाकावेत. ३ म्हणजे ढगांची सावली, ८ व ९ म्हणजे ढग आणि १० म्हणजे विरळ उंच ढग. ही गाळणी पूर्ण विश्वासाची नाही. ढगांच्या कडेचे पिक्सेल हमखास निसटतात आणि अळीच्या डागासारखेच दिसतात, म्हणून शंकास्पद ठिकाणी मूळ रंगीत प्रतिमा उघडून डोळ्यांनी पाहावी.

एक तांत्रिक सापळा येथेच सांगतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेत बदल होऊन प्रत्येक आकड्यात १००० ची भर पडू लागली. जुन्या आणि नव्या प्रतिमा तशाच शेजारी ठेवल्या तर २०२२ नंतर सगळ्या जंगलाचा हिरवेपणा घटला, असा खोटा निष्कर्ष निघतो. अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मनाइझ्ड’ असे नाव असलेला संग्रह निवडला तर ही दुरुस्ती आपोआप होते. प्रतिमा स्वतः उतरवून घेतल्या असतील तर नव्या प्रतिमांतून १००० वजा करावे लागतात.

६. निर्देशांक काढा आणि जंगलाची तुलना त्याच जंगलाशी करा

सर्वांना माहीत असलेला हिरवेपणाचा निर्देशांक एनडीव्हीआय (बी८ म्हणजे निकट-अवरक्त बँड, बी४ म्हणजे तांबडा) असा काढतात: (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४). शिकायला तो चांगला आहे, परंतु दाट सागात त्याची किंमत वरच्या टोकाला जाऊन थांबते आणि थोडीफार पाने गेली तरी फारशी हलत नाही. म्हणून त्याच्या जोडीला पाण्याचा निर्देशांक एनडीएमआय (बी८ए म्हणजे २० मीटरचा निकट-अवरक्त बँड, बी११ म्हणजे लघुतरंग-अवरक्त) घ्यावा: (बी८ए − बी११) ÷ (बी८ए + बी११). जाळी झालेली पाने झाडावरच लटकत असली तरी सुकलेली असतात, त्यामुळे हा निर्देशांक खाली येतो. दोन्ही निर्देशांक एकाच ठिकाणी घसरले असतील तरच तो डाग पुढे तपासण्यासाठी घ्या.

आता तुलना. यंदाच्या ऑक्टोबरची यंदाच्या ऑगस्टशी तुलना करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. या दोन महिन्यांत निरोगी सागसुद्धा बदलतो. तुलना करायची ती यंदाच्या ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याची, मागील वर्षांतील त्याच पंधरवड्यांशी. २०१९ पासूनच्या वातावरण-दुरुस्ती केलेल्या प्रतिमा सलग मिळतात, तेवढा इतिहास सुरुवातीला पुरे. प्रत्येक पिक्सेलसाठी मागील वर्षांचा मध्यक, म्हणजे किमती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढावा आणि यंदाची किंमत त्यातून वजा करावी. फरक ०.१० पेक्षा जास्त असेल आणि यंदाची किंमत उपलब्ध सर्व वर्षांत सर्वांत खालची असेल, तर तो पिक्सेल संशयित समजावा. ०.१० हा आकडा केवळ सुरुवातीचा आहे. आपल्या जंगलातील पडताळणीनंतर तो बदलावाच लागतो.

या पद्धतीत दोन खाचा आहेत, आणि घाईत त्या दोन्ही नजरेतून सुटतात.

पहिली पावसाची. सप्टेंबर कोरडा गेला तर संपूर्ण परिक्षेत्रात साग लवकर पिवळा पडतो आणि सगळा नकाशा लाल होतो. अळी मात्र अशी सर्वत्र सारखी पसरत नाही; तिचे नुकसान ठिगळाठिगळांनी असते. म्हणून आधी संपूर्ण क्षेत्रातील सागाची सरासरी घसरण काढावी आणि ती प्रत्येक पिक्सेलच्या घसरणीतून वजा करावी. उरते ती त्या जागेची स्वतःची घसरण.

दुसरी खाच अधिक खोल आहे. काही कक्षांत पानांची जाळी जवळजवळ दरवर्षी होते. तेथे मागील वर्षांचा मध्यकच आजारी असतो, आणि यंदाचे नुकसान त्याच्या शेजारी ठेवल्यावर सर्व काही नेहमीसारखे दिसते. ज्या जंगलाला सर्वाधिक लक्ष द्यायला हवे, तेच अशा रीतीने नकाशावरून नाहीसे होते. यावर उपाय म्हणून तुलनेसाठी मध्यकाऐवजी वरचा चतुर्थक, म्हणजे चांगल्या वर्षांची किंमत घ्यावी, आणि शेजारच्या समवयस्क रोपवनांच्या आलेखाशीही ताडून पाहावे. दोन्ही नकाशे काढून शेजारी ठेवा. ज्या जागा फक्त दुसऱ्या नकाशात दिसतात, तेथे जुने दुखणे असण्याची शक्यता आहे.

संशयित जागा निवडल्यावर प्रत्येकीचा जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचा आलेख काढून पाहावा. पायरी १ मधील दोन आकार डोळ्यांसमोर असतील तर आलेख बरेच काही सांगतो. ऑगस्टपर्यंत वर आणि नंतर हळूहळू लवकर उतरणारा आलेख जाळीचा असू शकतो. एका तारखेपासून दुसऱ्या तारखेपर्यंत कड्यासारखा कोसळलेला आलेख बहुधा कुऱ्हाडीचा असतो.

७. अळीसारखे दिसणारे, पण अळी नसलेले डाग

विरळणी झालेल्या कक्षात झाडेच कमी झालेली असतात. अशा डागाच्या कडा सरळ असतात आणि बऱ्याचदा कक्षाच्या सीमेवर थांबतात. अळीला कक्ष क्रमांक माहीत नसतो. उन्हाळ्यात वणवा लागून गेलेल्या जागी झाडोऱ्याचा हिरवेपणा पावसाळ्यातही कमी राहू शकतो, म्हणून मार्च ते मे महिन्यांच्या प्रतिमा एकदा पाहून घ्याव्यात. उथळ, मुरमाड उतारांवर ओल लवकर संपते आणि साग दरवर्षीच लवकर पिवळा होतो. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात ऑक्टोबरनंतर सूर्य खाली जातो तसतशा उत्तर-पश्चिम उतारांवरील सावल्या लांबतात. तेथील डागांवर विसंबू नये.

उलट बाजूने फसवणारी गोष्टही आहे. सागाखाली रानतुळस, घाणेरी किंवा बांबू माजलेला असेल तर वरची पाने गेल्यावर उपग्रहाला खालचा हिरवा थर दिसतो आणि नुकसान झाकले जाते. विरळ छत्राच्या जुन्या रोपवनांत हे विशेष घडते.

८. जंगलात जाऊन पडताळा

येथपर्यंत आपल्या हाती आहे ती संशयाची यादी. संगणकावर कितीही दिवस घालवले तरी तिचा निष्कर्ष होत नाही, त्यासाठी झाडाखाली उभे राहावे लागते. आणि तेही लवकर: प्रतिमेच्या तारखेपासून दहा-बारा दिवसांच्या आत. सोबत स्थानिक वनरक्षक किंवा गावातला जाणकार माणूस असावा. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाचा वावर आहे, त्यामुळे एकट्याने किंवा अंधारात जाऊ नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

फक्त संशयित ठिकाणे पाहून परतू नका. जितके संशयित बिंदू, तितकेच निरोगी दिसणारे बिंदूही घ्या, आणि ते संगणकाकडून यादृच्छिक निवडून घ्या, म्हणजे रस्त्याकडेची सोयीची झाडे निवडली जाणार नाहीत. दोन्ही प्रकारचे किमान तीस-तीस बिंदू असावेत. छत्राखाली मोबाइलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून बिंदू डागाच्या कडेपासून किमान ३० मीटर आत घ्यावा.

पोहोचल्यावर आधी पान हातात घ्या. कोवळे पान बोटांत चुरडले की बोटे लालसर होतात, ही सागाची ओळख. मग खराब झालेले पान आकाशासमोर धरा. बारीक शिरांची अखंड जाळी दिसली आणि पानावर रेशमी धाग्यांचे पातळ आवरण किंवा त्याचे अवशेष आढळले, तर ते जाळी करणाऱ्या अळीचे काम आहे. फक्त मधली शीर आणि जाड उपशिरा उरल्या असतील तर पाने फस्त करणारी अळी. कडेकडून आत करपत आलेले, पण भोके नसलेले पान बहुधा पाण्याच्या ताणाचे असते. पानाची खालची बाजू न चुकता पाहा. तेथे केशरी-पिवळी भुकटी बोटाला लागली तर तो तांबेरा आहे, बुरशीचा रोग, आणि उपग्रहाच्या नजरेला तो अळीसारखाच दिसतो. जमिनीवर पालापाचोळ्यावर पडलेली अळ्यांची काळी, कणीदार विष्ठा ही ताज्या प्रादुर्भावाची खूण.

प्रत्येक बिंदूवर तारीख, कक्ष क्रमांक, अक्षांश-रेखांश, छत्राचा अंदाजे किती भाग खाल्लेला आहे (पाव, अर्धा, पाऊण की संपूर्ण), खालच्या झाडोऱ्याचा हिरवेपणा आणि वर आकाशाकडे कॅमेरा करून काढलेले छायाचित्र, एवढे नोंदवा. दोघांनी स्वतंत्रपणे अंदाज लिहून मग ताडून पाहिला तर आकडा अधिक विश्वासाचा होतो.

९. नकाशा किती खरा ठरला, हे दोन आकड्यांत मांडा

संशयित म्हटलेल्या बिंदूंपैकी किती ठिकाणी खरोखर अळी निघाली, हा पहिला आकडा. निरोगी म्हटलेल्या बिंदूंपैकी किती ठिकाणी अळी निसटली, हा दुसरा. पहिला खराब असेल तर ०.१० ची मर्यादा वाढवा, दुसरा खराब असेल तर कमी करा. ‘एकूण अचूकता ९० टक्के’ असा एकच आकडा देऊ नये: जंगलाचा बहुतांश भाग निरोगी असताना सगळे काही निरोगी म्हणणारा नकाशाही तेवढा अचूक ठरतो.

१०. वनकार्यालयाला काय द्यावे

रंगीत नकाशापेक्षा कक्षनिहाय तक्ता अधिक उपयोगी पडतो. त्यात परिमंडळ, नियतक्षेत्र, कक्ष क्रमांक, रोपवनाचे वर्ष, संशयित हेक्टर, पडताळणी झालेले हेक्टर, कीड कोणती आणि प्रतिमेची तारीख एवढे रकाने पुरेत. ढगांमुळे न दिसलेले क्षेत्र स्वतंत्र रकान्यात द्यावे. फवारणीची शिफारस आपण करू नये. तो निर्णय वनविभागाने कीटकतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यायचा असतो, आणि महाराष्ट्रासाठी असा सल्ला जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेकडून मिळू शकतो. अहवालासोबत सर्व बिंदूंची मूळ नोंद, निरोगी निघालेल्या बिंदूंसह, जोडून द्यावी, कारण पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याच कक्षात काम सुरू करणाऱ्याला मर्यादा ठरवण्यासाठी तिचाच आधार घ्यावा लागेल.